अमळनेर ते लोणावळा : शारीरिक क्रिया आणि मन यांच्या प्रायोगिक अभ्यासाचा एक दुर्लक्षित अध्याय

प्रस्तावना

क्रीडा मानसशास्त्राचा इतिहास सांगताना आपल्याकडील पाठ्यपुस्तके बहुधा एकाच वाटेने जातात. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींवर केलेला अभ्यास, १९१३ ची लोझान येथील परिषद, १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी उभारलेली प्रयोगशाळा, १९६५ मध्ये रोम येथे स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना, आणि मग एकदम भारत, म्हणजे ग्वाल्हेरचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय व पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत हा विषय शिकविला जातो तेव्हाही साधारणपणे हाच क्रम फळ्यावर येतो. या क्रमात चुकीचे असे काही नाही. मात्र त्यावरून असा समज दृढ होतो की, शारीरिक हालचाल आणि मन यांचा संबंध उपकरणांनी मोजून पाहण्याची कल्पना भारतात १९५७ नंतर, तीही बाहेरून आली.

वस्तुस्थिती वेगळी आहे. असा प्रयत्न मराठी प्रदेशात १९२० च्या सुमारास सुरू झाला होता. तो सुरू करणारा गृहस्थ त्या वेळी पूर्व खानदेशातील अमळनेर येथे अध्यापन करीत होता, आणि अमेरिकेतील क्रीडा मानसशास्त्राच्या आद्य संशोधकांपैकी एकाच्या कार्याशी या प्रयत्नाचा पुढे प्रत्यक्ष संबंध आला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेलेले संशोधक, यांना आपल्याकडे योगप्रसारक म्हणून मान मिळतो. संशोधनपद्धतीच्या इतिहासातील त्यांच्या स्थानाकडे मात्र शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात या स्थानाचा विचार केला असून, त्यांच्या वारशातील कोणता भाग आजच्या खानदेशातील संशोधनातून निसटला आहे हेही पाहिले आहे.

मापनाची पाश्चात्य पार्श्वभूमी

ट्रिपलेट यांच्या अभ्यासाचा उल्लेख सर्वत्र होतो, पण तो वाचला क्वचितच जातो. एकट्याने सायकल चालविणारा, गती राखून देणाऱ्या साथीदारामागून जाणारा आणि प्रत्यक्ष स्पर्धकाशी झुंजणारा अशा तीन प्रकारच्या स्वारांच्या अधिकृत नोंदी त्यांनी तपासल्या. पुढे मासेमारीच्या गळाची चक्री मुलांना एकट्याने व जोडीने फिरवावयास लावून त्यांनी वेळ मोजली. ज्या ४० मुलांच्या नोंदींचे त्यांनी विश्लेषण केले, त्यांपैकी २० मुलांचा वेग सोबतीमुळे वाढला, १० मुले उलट गोंधळून मंदावली आणि १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. ‘सोबतीमुळे कामगिरी सुधारते’ एवढेच वाक्य पाठ्यपुस्तकांत उरले आणि मंदावलेली १० मुले गळून पडली. २००५ मध्ये मायकेल स्ट्रुब यांनी ट्रिपलेट यांची मूळ आकडेवारी आधुनिक सांख्यिकीने पुन्हा तपासली, तेव्हा एकूण परिणाम सार्थकतेच्या सीमेवर कसाबसा टिकतो असे दिसून आले.

ग्रिफिथ यांची प्रयोगशाळा १९३२ मध्ये बंद पडली. आर्थिक मंदी हे त्याचे एक कारण होते. युरोपात बर्लिन येथील शारीरिक शिक्षणाच्या उच्च विद्यालयात १९२० पासून रॉबर्ट वेर्नर शुल्टे यांनी अशीच प्रयोगशाळा चालविली. सोव्हिएत रशियात पुनी व रूदिक यांचे काम त्याच दशकातले. म्हणजे १९२० ते १९३० हे दशक जगभरच या विषयाच्या जुळवाजुळवीचे होते. त्या दशकात भारत रिकामा होता काय, हा या लेखापुढील मूळ प्रश्न आहे.

एक नाव येथे स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रायोगिक मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२८ च्या सुमारास आपला विद्यार्थी ग्रेव्ह्ज याच्यासह अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंचा प्रतिक्रियाकाळ मोजला. इशारा मिळताच आघाडीच्या फळीतील ७ खेळाडू एकाच वेळी किती चपळाईने पुढे झेपावतात, हे पाहण्यासाठी त्यांनी एक युक्तिबाज यंत्र तयार केले होते. खेळाडू हलला की गोल्फचा एक चेंडू सुटून फिरत्या कागदावर पडे आणि त्याच्या खुणेवरून क्षणाचा अंश वाचता येई. इशाऱ्याची लय बदलली तर झेप बदलते काय, हा प्रशिक्षकाच्या मनातला प्रश्न त्यांनी मैदानावरून उचलून प्रयोगशाळेत आणला. हेच माइल्स पुढे येल विद्यापीठात गेले. त्यांचा धागा लेखात पुढे परत येईल.

अमळनेरमधील वर्षे

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. बडोद्यात शिकत असताना १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी भारतीय शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. कुवलयानंदांना केवळ योगपरंपरेत बसविणारे चरित्रलेखन त्यांच्या आखाड्यातल्या जडणघडणीवरून घाईने पुढे जाते. वास्तविक लेझीम, लाठी, मल्लखांब, सामुदायिक कवायत यांच्या वातावरणात ते वाढले. योग त्यांच्या आयुष्यात त्यानंतर आला. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांची भेट झाली, आणि यौगिक क्रियांचा पद्धतशीर अभ्यास तेथून सुरू झाला.

दरम्यान ते खानदेशात आले होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला, १९१६ ते १९२३ या काळात अमळनेर येथे अध्यापन केले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले. राष्ट्रीय विचारांच्या वातावरणामुळे ते महाविद्यालय सरकारच्या रोषास पात्र ठरले व बंद पडले. बोरी नदीकाठचे हे गाव त्या काळी साधे तालुक्याचे ठिकाण नव्हते. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते आणि देशभरातील अभ्यासक तेथे येत होते. गुणे यांचे अमळनेरमधील अध्यापन १९२३ मध्ये संपले. त्याच वर्षी पांडुरंग सदाशिव साने हे तरुण तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले आणि १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिकवू लागले. साने गुरुजींचे अमळनेर सर्वांस ठाऊक आहे. गुणे यांचे अमळनेर मात्र स्थानिक स्मृतीतही पुसट झाले आहे.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांपैकी पश्चिम खानदेशात, धुळ्याला, याच सुमारास वेगळ्या प्रकारची मापे घेतली जात होती. शंकर श्रीकृष्ण देव समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गावोगावहून मिळवून पाठ ताडून पाहत होते. इतिहासाचार्य राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यातच गेले आणि त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. समर्थांच्या परंपरेत बलोपासनेला मोठे स्थान. मारुतीचे देऊळ आणि शेजारी तालीम ही जोडी गावोगाव होती. शरीर कमावले की मन खंबीर होते, हा विश्वास त्या तालमीच्या मातीत मुरलेला होता. पण कागद असल तरच मानायचा, हा दंडक राजवाड्यांनी इतिहासाला लावला, तसा या विश्वासाला कोणी लावला नव्हता. देव, राजवाडे आणि गुणे यांचा परस्पर प्रभाव येथे सुचवावयाचा नाही. एका प्रदेशात एकाच पिढीने परंपरेकडे पुरावा मागितला, एवढेच साम्य लक्षणीय आहे.

पोकळीचे मोजमाप

१९२० व १९२१ मध्ये गुणे यांनी काही यौगिक क्रियांचे शरीरावरील परिणाम बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत तपासले. या कामी त्यांचे काही विद्यार्थी साहाय्यक होते. त्या वर्षांत त्यांचे अध्यापन अमळनेरला चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपक्रमाचे स्वरूप कळते. कोणत्याही विद्यापीठाची योजना, अनुदान वा पदवी यांपैकी काहीही त्यामागे नव्हते. दूरच्या शहरातील क्ष-किरण यंत्रापर्यंत एक शिक्षक स्वतःच्या प्रश्नासाठी जात होता.

त्यांनी निवडलेल्या क्रिया म्हणजे उड्डियान आणि नौली. नौलीच्या साहाय्याने साधक पाण्यात बसून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो, असे परंपरा सांगते. हे घडते कसे? गुणे यांनी पाऱ्याचा दाबमापक जोडून नौली चालू असताना आतील दाब मोजला. तो बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो असे आढळले. पाणी वर चढते ते या दाबफरकामुळे, त्यासाठी कोणत्याही गूढ शक्तीची गरज नाही. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास पोकळी’. गुरूचे नाव आणि पाऱ्याचा स्तंभ एकाच शब्दप्रयोगात एकत्र यावेत, यात त्या संशोधकाचा स्वभाव पुरता उतरला आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते. सुरुवातीच्या अंकांतच नौलीची क्ष-किरण छायाचित्रे, दाबाच्या नोंदी, पुढे सर्वांगासनासारख्या आसनांतील रक्तदाबाची मापे असा मजकूर आढळतो. ग्रिफिथ यांची प्रयोगशाळा इलिनॉयमध्ये उघडली ती यानंतर एका वर्षाने. अर्थात केवळ कालक्रमावरून श्रेष्ठत्व सांगण्यात हशील नाही, आणि दोघांचे प्रश्नही भिन्न होते. ग्रिफिथ यांना चांगला खेळाडू कसा घडतो हे हवे होते, गुणे यांना जुनी क्रिया खरोखर काय करते हे हवे होते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. दाब, रक्तदाब, क्ष-किरण हे सारे शरीरक्रियाशास्त्र झाले. त्यात मानसशास्त्र कोठे? कुवलयानंदांची धारणा अशी होती की, आसने व प्राणायाम यांचा मुख्य परिणाम स्नायूंवर होण्यापेक्षा मज्जासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी यांच्यावर होतो आणि त्या द्वारे मन स्थिर होते. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. ही शेवटची भूमिका आज अनेक योगशिबिरांतील व्यासपीठांवरून ऐकू येणाऱ्या विधानांच्या बरोबर उलट आहे, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. परंतु मन स्थिर होते, हे विधान त्यांनी स्वतः मानसशास्त्रीय कसोट्यांनी तपासले नाही. ते काम दुसऱ्याने केले.

येल आणि लोणावळा

केरळमधून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले कोवूर बेहनन येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करीत होते. योगाच्या दाव्यांची शास्त्रीय परीक्षा करावी, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते भारतात आले आणि लोणावळ्यास कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली राहून यौगिक क्रिया शिकले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. या मापनांत त्यांना साथ होती ती वॉल्टर माइल्स यांची, म्हणजे फुटबॉलच्या खेळाडूंची झेप गोल्फच्या चेंडूंनी मोजणाऱ्या त्याच माइल्स यांची. १९३७ मध्ये बेहनन यांचे ‘योगा : अ सायंटिफिक इव्हॅल्युएशन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यातील निष्कर्ष योगाच्या भक्तांना आणि टीकाकारांनाही सोयीचे नव्हते. पहिला निष्कर्ष ऑक्सिजनच्या वापराविषयीचा. साध्या श्वसनाच्या तुलनेत उज्जायी करताना हा वापर २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वरवर पाहता ही वाढ प्राणायामाच्या बाजूचा पुरावा वाटते. तसे ते नाही. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यात आणखी भर घालण्यास फारशी जागा नसते. वाढलेला वापर म्हणजे प्रामुख्याने श्वसनाच्या स्नायूंनी केलेल्या जास्तीच्या श्रमाचा खर्च. कुवलयानंदांचे मत या आकड्यांशी विसंगत ठरत नाही, उलट त्याला या आकड्यांचा आधारच मिळतो.

दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा. श्वसनाच्या क्रियांनंतर लगेच बेरीज करणे, सांकेतिक मजकूर उलगडणे, रंग ओळखणे यांसारख्या मानसिक कसोट्या घेतल्या असता कामगिरी सुधारण्याऐवजी मंदावली. प्राणायामाने बुद्धी तल्लख होते, या समजुतीला हा सरळ धक्का होता. तरीही बेहनन यांनी योगाला मोडीत काढले नाही. दीर्घकाळच्या सरावाने भावनिक स्थैर्य येते, चित्त शांत राहते, असा अनुभव त्यांनी नोंदविला. क्रियेनंतरची काही मिनिटे आणि सरावाची काही वर्षे या दोन कालमानांवर दोन वेगळे परिणाम असू शकतात, हे त्यांच्या मांडणीतून स्पष्ट होते. ऑक्सिजनविषयक नोंदी माइल्स यांनी बऱ्याच काळानंतर, १९६४ मध्ये, ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’त स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या.

या संशोधनाच्या मर्यादा उघड आहेत. प्रयोगाचा विषय एकच व्यक्ती, तीही स्वतः संशोधक, तीच प्रशिक्षित आणि तीच आपल्या मनःस्थितीची साक्षीदार. एका माणसावरून सर्वांविषयी बोलता येत नाही. परंतु एका माणसाची, त्याच कसोटीवर, पुनःपुन्हा घेतलेली मापे ही शेकडो माणसांच्या एकेकदा भरून घेतलेल्या उत्तरांपेक्षा काही प्रश्नांसाठी अधिक बोलकी असतात. खेळाडू स्वतःच्याच कालच्या कामगिरीहून आज मागे का पडला, हा प्रशिक्षकाचा नित्याचा प्रश्न अशाच प्रकारचा आहे. ट्रिपलेट यांच्या ४० मुलांतील मंदावलेल्या १० मुलांचे काय झाले, हाही त्याच जातीचा प्रश्न होता.

कुवलयानंदांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या संस्थेत शिकून गेलेल्या अभ्यासकाने प्रतिकूल निष्कर्ष काढले, म्हणून लोणावळ्याचे दरवाजे पुढच्या संशोधकांना बंद झाले नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर व भारतीय वंशाचे बागची हे दोघे उपकरणांसह भारतभर फिरून योगसाधकांच्या हृदयक्रियेच्या नोंदी घेत होते, तेव्हा लोणावळ्यातील साधकही त्यांच्या अभ्यासात सहभागी झाले. हृदय थांबविण्याच्या प्रसिद्ध दाव्याचा निकाल त्यांनी असा लावला की, हृदय थांबत नाही. छातीतील दाब वाढल्याने नाडी व हृदयध्वनी क्षीण होतात आणि हृदयाचा विद्युत आलेख मात्र चालूच राहतो. कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. तोवर त्यांची संस्था महाविद्यालय, रुग्णालय आणि प्रयोगशाळा अशा तिन्ही अंगांनी वाढली होती.

प्रश्नावलीचा काळ

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली आणि जळगाव, धुळे (१९९८ नंतर नंदुरबारही) येथील संशोधन पुणे विद्यापीठाच्या छत्राखालून निघून जळगावच्या अखत्यारीत आले. २०१८ पासून हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. शारीरिक शिक्षणातील एम.फिल. आणि पीएच.डी.साठी स्थानिक शिक्षकांना दूर जावे लागू नये, ही मोठीच सोय झाली. मात्र या काळात क्रीडा मानसशास्त्राच्या संशोधनाचा सर्वत्र एक ठरावीक साचा तयार झाला, आणि खानदेशही त्याला अपवाद राहिला नाही. दोन खेळांचे किंवा दोन विभागांचे खेळाडू घ्यायचे, एक प्रमाणित चाचणी द्यायची, मध्यमान व प्रमाण विचलन काढायचे, ‘टी’ मूल्य सार्थ आहे की नाही ते लिहायचे.

या साच्यात सर्वाधिक वापरली गेलेली साधने रेनर मार्टेन्स यांच्या परंपरेतील आहेत. त्यांची स्पर्धात्मक चिंतेची ‘स्कॅट’ चाचणी १९७७ ची. तिच्यात १५ विधाने असून त्यांपैकी १० विधानांचेच गुण धरले जातात, उरलेली ५ भरतीची असतात. त्यामुळे प्राप्तांक १० ते ३० या मर्यादेत पडतो. चाचणी चांगली आहे, तिच्या निर्मितीमागे परिश्रमही मोठे आहेत. अडचण तिच्या येथील वापरात आहे. पहिली अडचण शब्दांची. ‘चिंता’ हा शब्द मराठीत पोटापाण्याच्या, लग्नकार्याच्या, पावसापाण्याच्या संदर्भात सहज येतो. सामन्यापूर्वी मुलाला जे होते त्याला तो धाकधूक म्हणतो, छातीत धडधड होते म्हणतो, पोटात गोळा आला म्हणतो, आणि अलीकडे सरळ ‘टेन्शन’ म्हणतो. शिरपूर किंवा साक्री तालुक्यातील ज्या खेळाडूच्या घरी पावरी, भिली वा अहिराणी बोलली जाते, त्याला पुस्तकी मराठीतील विधान म्हणजे अनुवादाचा अनुवाद असतो. त्याने भरलेल्या खुणेत चिंता किती आणि भाषेची अडखळण किती, हे प्राप्तांक सांगत नाही. चाचणीचे भाषांतर करून, पुन्हा मूळ भाषेत उलटवून, विश्वसनीयता नव्याने काढण्याची पद्धत सर्वांस ज्ञात आहे. ती वेळ मागते म्हणून टाळली जाते.

दुसरी अडचण विषयाच्या गाभ्याची. स्कॅट ही चाचणी व्यक्तीची स्थायी प्रवृत्ती मोजते. त्या क्षणाची अवस्था तिच्या कक्षेत येत नाही. दोन खेळांच्या गटांत फरक आढळला किंवा नाही आढळला, तरी प्रशिक्षकाच्या हाती काय पडते, हा प्रश्न प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘शिफारशी’ या शीर्षकाखाली विरून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजण्याची पद्धत आणल्यावर, एका दुपारी भरून घेता येणारी प्रश्नावली हे साधन आणखीच प्रिय झाले. यात व्यक्तिशः शिक्षकांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. महाविद्यालयात एकच शारीरिक शिक्षण संचालक, त्याच्याकडे संघनिवड, स्पर्धा, राष्ट्रीय दिनांचे संचलन, आणि उपकरणांसाठी तरतूद जवळजवळ नाही. पण १९२० मध्ये अमळनेरहून बडोद्याला जाणाऱ्या शिक्षकाकडेही तरतूद नव्हती, हेही खरेच. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. त्या पदवीच्या निमित्ताने तयार झालेले लघुप्रबंध ग्रंथालयांत आहेत. त्यांतील मूळ नोंदी कोठे आहेत, हे विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ट्रिपलेट यांनी आपली आकडेवारी निबंधातच छापली नसती, तर १०७ वर्षांनी ती तपासणे कोणालाही शक्य झाले नसते.

दम

बेहनन यांनी सोडलेला प्रश्न खानदेशातील मैदानांवर रोज उभा असतो. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होऊ लागल्यावर प्राणायामाला शाळा-महाविद्यालयांत अधिकृत स्थान मिळाले, आणि सामन्यापूर्वी खेळाडूंकडून प्राणायाम करून घेण्याची कल्पना त्यामुळे प्रशिक्षकांना सहज सुचते. श्वसनक्रियेनंतर मन शांत होत असेल आणि त्याच वेळी प्रतिक्रिया मंदावत असेल, तर चढाईसाठी निघालेल्या कबड्डीपटूच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? रशियन परंपरेतील युरी हानिन यांनी दाखविले आहे की, प्रत्येक खेळाडूची उत्तम कामगिरीची उत्तेजन-पातळी स्वतंत्र असते. कोणी थोडा घाबरलेला असतानाच चांगला खेळतो, तर कोणी अगदी निवांत असताना. गटाचे मध्यमान येथे उपयोगी पडत नाही. दहा मिनिटे आधी प्राणायाम करणे आणि सहा महिने रोज करणे, यांची उत्तरेही वेगळी येण्याचा संभव आहे.

कबड्डी या दृष्टीने अपूर्व खेळ आहे. जगातील बहुतेक खेळांत खेळाडूचा श्वास त्याचा त्यालाच ठाऊक असतो. कबड्डीत तो पंचाला, प्रतिस्पर्ध्याला आणि प्रेक्षकांनाही ऐकू यावा लागतो. दम घेऊन अखंड उच्चार करीत जाणे म्हणजे श्रमाच्या अवस्थेत केलेला दीर्घ, नियंत्रित रेचकच होय. तो तुटला की चढाई संपली. पूर्वी चढाईची लांबी दमावरच ठरे, आता स्पर्धात्मक कबड्डीत तिला ३० सेकंदांची मर्यादा आहे, तरी उच्चाराची अट कायम आहे. भीतीने श्वास आखूड होतो आणि आवाज चढतो, हे कोणत्याही तालमीच्या वस्तादाला ठाऊक असते. म्हणजे चढाई करणाऱ्याची मनःस्थिती मैदानावर मोठ्याने बोलली जात असते. तिच्यासाठी १५ विधानांचा कागद हवाच असे नाही.

एकाच खेळाडूच्या सरावातील २० चढाया आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील २० चढाया साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, तर उच्चाराचा कालावधी, त्याची गती, आवाजाची पट्टी आणि दम कोठे डळमळला तो क्षण, एवढ्या गोष्टी सेकंदाच्या अंशापर्यंत मोजता येतात. काही दिवस प्राणायामानंतर आणि काही दिवस प्राणायामाविना अशा आळीपाळीने नोंदी घेतल्या, तर बेहनन यांची रचना येथे जशीच्या तशी लागू पडते. फरक एवढाच की विषय संशोधक स्वतः नसून त्याचा विद्यार्थी असेल, आणि असे पाच-सहा विद्यार्थी स्वतंत्रपणे अभ्यासता येतील. माइल्स यांना त्यासाठी सात गोल्फचे चेंडू आणि फिरता कागद लागला होता.